पश्चिमेकडची सैल कड

"ह्या वेळी प्लास्टिक उडालं, तर मी अ‍ॅबरडीनला येते," एफी मावशीनं फोनवर मुलाला सांगितलं आणि फोन ठेवून दिला.

वाक्य तसं साधं होतं, पण मावशीला ओळखणाऱ्या कोणीही ते हसण्यावारी नेलं नसतं. सोळाव्या वर्षी कसल्याशा रागात मावशी म्हणाली होती की ह्यापुढे हेरिंग मासा खाणार नाही. आता ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. आमच्या बेटावर हेरिंगशिवाय जगणं म्हणजे पाण्यात राहून अंग कोरडं ठेवण्यासारखं आहे, पण तिनं ते करून दाखवलंय. राग कशाचा होता ते आता तिलाही आठवत नाही. विचारलं तर म्हणते, "बोलले ना मी एकदा."

तिचा मुलगा रूअरी कित्येक वर्षं तिला तिकडे, मुख्य भूमीवरच्या त्या शहरात, बोलावतोय. त्यानं तिच्यासाठी एक खोली तयार ठेवली आहे.

"भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा आहे, आई."

"गालिच्यात काय पेरू?"

दर वेळी बोलणं इथेच संपायचं. पण मावशीच्या परसातल्या पॉलिहाऊसचं पहिलं प्लास्टिक समुद्रात गेलं. दुसरं जानेवारीच्या वादळात गेलं आणि शाळेच्या छपरावर जाऊन बसलं. ते अजून तिथेच आहे. छपराची दुरुस्ती झाली असा शाळेचा समज आहे. तेव्हा मावशीला पहिल्यांदा वाटलं असावं, की वाऱ्याला आपण इथे नकोय. त्यातून ते वाक्य आलं.

मी टॉरमॉड, तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. समुद्रात सामन मासे पाळतात त्या पिंजऱ्यांवर काम करतो आणि मावशीकडे राहतो. मावशी गेली तर घर माझ्या एकट्याचं होईल, असं गावातले लोक मला खुणावून सांगत होते. त्यांना हे कळत नव्हतं की मावशी गेल्यावर त्या घरात मला 'गाढवा' म्हणणारं कोणी उरणार नाही. अशा घराला काय अर्थ आहे?

तिसरं प्लास्टिक बोटीनं आलं. शनिवारी वारा पडला. वारा पडला की आमच्याकडे चावरी चिलटं उठतात, म्हणून मावशी आणि मी डोक्याला जाळ्या बांधून बाहेर पडलो. कमानी मी पिंजऱ्यांच्या जुन्या निळ्या पाइपांच्या केल्या होत्या. प्लास्टिकच्या कडेला ठिकठिकाणी एकेक बटाटा गुंडाळला, बटाट्यामागे दोरी आवळली, म्हणजे दोरी निसटत नाही. दोऱ्या कमानींवरून पलीकडे फेकल्या आणि हळूहळू ओढल्या. प्लास्टिक वर चढलं. दोन्ही टोकांना दारांच्या चौकटींवर त्याच्या निऱ्या घालून लाकडी पट्ट्या ठोकल्या. पूर्वेची कड चरात सोडली आणि चर माती टाकून, तुडवून बुजवला. पश्चिमेची कड तेवढी राहिली.

"भरून टाकू का?" मी विचारलं. संध्याकाळ झाली होती, पण जूनमध्ये आमच्याकडचा उजेड घरी जायचं नाव घेत नाही.

"थंड प्लास्टिक गाडू नका रे," बांधापलीकडून आवाज आला.

हा शेजारचा फिनलेकाका. गाव त्याला 'फिनले घड्याळ' म्हणतं. रविवार त्याच्या मनगटावर सुरू होतो आणि त्याच्याच मनगटावर संपतो. चर्चमध्ये स्तोत्राची ओळ आधी तो एकटा म्हणतो, मग बाकीचे उचलतात. मावशी आणि तो शाळेत एका बाकावर होते.

"आत्ता गाडाल तर पहिल्याच उन्हात सैल पडेल," तो म्हणाला. "सैल पडलं की फडफडणार. फडफडलं की फाटणार. सोमवारी दुपारी ऊन खाऊन नरम झालं की ताणा आणि मग गाडा. तोवर वजनं ठेवा."

"आणि वारा आला तर?"

"रेडिओवाले म्हणतायत, सोमवारपर्यंत वारा नाही."

"रेडिओवाले राहतात कुठे?"

"ग्लासगोला."

"तिथे नसेल," मी म्हणालो.

"टॉरमॉड," मावशी म्हणाली, "मोठ्यांशी वाद घालू नकोस. बटाटे सोलायचेत."

ते खरंच सोलायचे होते. रविवारी आमच्या गावात काम करत नाहीत. बटाटे शनिवारी सोलून पाण्यात ठेवायचे, सूप शनिवारी शिजवायचं, दाढीसुद्धा शनिवारी करायची. दोरीवर कपडे विसरले तर ते दोरीवरच राहतात, कारण काढणं हे काम आहे. मागे एकदा पोस्टमनची लांब चड्डी रविवारभर रस्त्यावरून उडत होती. सगळ्या गावानं तिला वाट दिली, पकडली कोणी नाही.

तेव्हा पश्चिमेच्या कडेवर दगड ठेवले, जुनी टायरं ठेवली, वाळू भरलेले मासळीचे क्रेट ठेवले आणि आम्ही आत गेलो. आत सगळ्या खिडक्यांत टोमॅटोची रोपं होती, न्हाणीच्या टबातही होती. मी तीन आठवडे घमेल्यात आंघोळ करत होतो. आणि दाराशी, कोटांच्या खाली, एक जुनी सूटकेस उभी होती. पट्टे आवळलेले होते. मी उचलून पाहिली, जागची हलली नाही.

"हे काय?"

"सूटकेस."

"दिसतंय मला. भरली कशाला?"

"उद्या प्लास्टिक गेलं तर परवाची पहाटेची बोट पकडावी लागेल," मावशी बटाट्याचा डोळा काढत म्हणाली. "रविवारी सामान भरता येत नाही."

पुढचा बटाटा मी सालीसकट पाण्यात टाकला.

*

रविवारी सकाळी जाग आली ती आवाजानं. लांब कोणीतरी चादर झटकतंय असा आवाज. एक झटका, मग शांतता, मग दुसरा. मी खिडकीकडे धावलो, पण खिडकीत टोमॅटो होते.

"चर्चचे कपडे घाल," मावशी दारातून म्हणाली. तिनं हॅट घातली होती. तिलाही ऐकू येत होतं हे तिच्या हॅटच्या पिनेवरून कळलं. ती तिनं दोनदा खोचली होती.

चर्चमध्ये आम्ही नेहमीच्या बाकावर बसलो. पाद्रीबुवा नवे होते, मुख्य भूमीवरून आलेले रेव्हरंड गिलिस. माणूस धिप्पाड आणि घाईत कधीच नसलेला. प्रवचनाचे तीन भाग असतात आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला मावशी एक पेपरमिंट हातात सरकवते. पहिल्या पेपरमिंटला छपराच्या कौलांत वारा शीळ घालायला लागला. दुसऱ्याला दाराची कडी आपोआप वाजली. पाद्रीबुवा विश्रांतीच्या दिवसाबद्दल बोलत होते. मनापासून विश्रांती घ्या, म्हणत होते. तिसरं पेपरमिंट मी न चघळता गिळलं. माझ्या पुढच्या बाकावर फिनलेकाकाची मान होती. सगळा वेळ ती लाल होत गेली.

घरी आलो तेव्हा दोन क्रेट उलटून वाळू सांडली होती. एक टायर कुंपणाशी जाऊन पडलं होतं. पश्चिमेची कड मधेच उचलली जायची, खाली वारा शिरायचा, अख्खं प्लास्टिक गाभण गाईसारखं फुगायचं, चौकटीवरच्या पट्ट्या करकरायच्या आणि मग ते धप्पकन खाली बसायचं. दर वेळी कड जरा जास्त उचलली जात होती. ती एकदा कमानींच्या वर गेली की संपलं. मग ते शीड होतं, आणि शीड जागेवर थांबत नाही.

मी फावड्याकडे वळलो.

"टॉरमॉड."

"मावशी, दहा मिनिटांचं काम आहे."

"काम आहे ना? मग झालं तर."

"मग उडू दे?"

"उडालं तर उडालं. रविवारी गाडलेल्या प्लास्टिकखालचा टोमॅटो माझ्या घशाखाली उतरणार नाही. आणि तुझ्या मी उतरू देणार नाही." तिचा आवाज अगदी सपाट होता. ती सुपाकडे वळली. मग पाठ तशीच ठेवून म्हणाली, "बाहेर जाऊन बघत उभा राहिलास तर चालेल. बघणं हे काम नव्हे."

मी बघायला गेलो. बघता बघता तिसरा क्रेट उलटला. पाच पावलांची कड एकदम छातीइतकी वर आली आणि मी काही ठरवायच्या आत तिच्यावर पालथा पडलो. चर्चच्या कपड्यांत. वारा पोटाखालून ढुशा देत होता, पण कड खाली आली. मग मी उताणा झालो, हात पोटावर जुळवले आणि आभाळाकडे पाहू लागलो. कोणी विचारलंच तर उत्तर तयार असावं.

विचारायला फिनलेकाकाच आला. काळा कोट, काळी हॅट, हॅटवर हात. बांधाशी उभा राहून बराच वेळ पाहत होता.

"काय चाललंय?"

"विश्रांती."

"तिथे?"

"इथे बरं वाटतंय."

वाऱ्याचा एक झोत आला. माझ्या डोक्याकडची कड उठली आणि माझा कान थोबाडून खाली बसली.

"काका," मी म्हणालो, "मेंढी खड्ड्यात पडली तर रविवारी काढता येते ना?"

"येते. ते दयेचं काम."

"मग ह्या टोमॅटोंवर दया..."

"टोमॅटो म्हणजे मेंढी नव्हे."

"आत एक मेंढी आणून ठेवू?"

"आणणं हे काम आहे." तो दाढी खाजवत राहिला. "थंड प्लास्टिक गाडू नका असं कोण म्हणालं होतं?"

"तुम्ही."

"हं."

घरातून मावशी दारात आली होती. तिच्यामागे अंधारात सूटकेसचे पट्टे दिसत होते. फिनलेकाकानं तिच्याकडे पाहिलं, सूटकेसकडे पाहिलं. सूटकेस कशासाठी भरली आहे ते गावाला माहीत होतं. आमच्याकडे फोन दोघांत होत नाही.

तो बांध ओलांडून आला. कोट मागून उचलला आणि माझ्या डोक्याशी, कडेवर, सावकाश बसला.

"बसणं," तो समोरच्या डोंगराला म्हणाला, "हे काम आहे असं कुठेही लिहिलेलं नाही. मी शोधलंय."

*

संध्याकाळच्या उपासनेला लोक निघाले ते आमच्याच रस्त्यानं. आधी पोस्टमन आणि त्याची बायको थांबली. फिनले घड्याळ जमिनीवर बसलाय हे पाहून त्यांना तो पडला असं वाटलं.

"पडलो नाही," तो म्हणाला. "बसलोय. जागा आहे."

ते बसले. मग दुकानवाली कर्स्टी बसली. मग शाळेच्या बाई, ज्यांच्या छपरावर दुसरं प्लास्टिक होतं. एकेक जण येत गेला, काळे कपडे सावरून बसत गेला. कशासाठी ते कोणी बोलत नव्हतं. बोललं तर ते काम झालं असतं. कडेला सगळं गाव कावळ्यांसारखं ओळीनं बसलं. मागे प्लास्टिक फुगायचं, सगळ्यांना पुढे ढकलायचं, सगळे मागे रेलायचे.

"माझ्याखाली हलतंय," कर्स्टी म्हणाली.

"वजन टाक."

"लग्नापासून हेच टोमणे ऐकतेय मी."

फक्त उत्तरेचा कोपरा मोकळा होता. तिथे अजून दोन क्रेट आणि एक मोठा दगड होता. वारा वळून हळूहळू तिकडे सरकत होता. दगड थोडा थोडा डोलू लागला. तिकडे सरकावं तर इकडची कड सुटत होती. आम्ही सगळे मान वळवून त्या दगडाकडे बघत होतो.

तेवढ्यात मोटार थांबली आणि रेव्हरंड गिलिस उतरले. रिकाम्या चर्चमधून ते आपली मंडळी शोधत आले होते. त्यांनी ओळीवरून एकदा नजर फिरवली. कोणाचा श्वास ऐकू आला नाही, नाहीतरी वाऱ्यात तो ऐकू आला नसताच.

"फिनले," ते म्हणाले, "हे काय?"

"विश्रांती, पाद्रीबुवा. आपण सकाळी म्हणालात, मनापासून घ्या."

"सगळ्यांनी? एकाच ठिकाणी?"

"एकोपा आहे गावात."

पाद्रीबुवांनी प्लास्टिककडे पाहिलं, चरात पडलेल्या फावड्याकडे पाहिलं. फावड्यावरची माती कालची, सुकलेली होती. ते ओळीच्या समोर येऊन उभे राहिले. मग खिशातून स्तोत्रांचं पुस्तक काढलं.

"मंडळी इथे आहे, तर उपासना इथेच होईल," ते म्हणाले.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मी नाही. कारण मला पुढचं आठवलं आणि त्याच क्षणी फिनलेकाकालाही आठवलं. त्यानं माझं मनगट घट्ट धरलं. आमच्या चर्चमध्ये स्तोत्र बसून म्हणतात आणि प्रार्थना उभं राहून करतात. ह्याला अपवाद नाही. गुडघे गेलेले लोकसुद्धा बाक धरून उभे राहतात.

"आपण प्रार्थ..." पाद्रीबुवांनी तोंड उघडलं.

फिनलेकाकानं डोळे मिटून स्तोत्राची ओळ उचलली. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच, न सांगता. पाद्रीबुवांचं वाक्य हवेत तसंच राहिलं. त्यानं निवडलं होतं एकशे एकोणिसावं स्तोत्र. सगळ्या पुस्तकात त्याच्याहून लांब स्तोत्र नाही. ते पूर्ण म्हटल्याचं गावात कोणाच्या आठवणीत नव्हतं. तो एकटा ओळ म्हणायचा, मग आम्ही सगळे ती ओढत ओढत म्हणायचो. वारा आमच्या सुरात सूर मिसळत होता, आणि खरं सांगायचं तर काही जणांपेक्षा बरा. कड्यावरून समुद्राचे तुषार येत होते. प्लास्टिक ढकलत होतं, आम्ही रेलत होतो. फिनलेकाकाचा आवाज आधी घोगरा झाला, मग चिरका, मग नुसती हवा यायला लागली. पोस्टमननं ओळ उचलायचा प्रयत्न केला. त्याला ओळच माहीत नव्हती.

स्तोत्र थांबलं.

रेव्हरंड गिलिस कंटाळलेले नव्हते. ते कधीच घाईत नसत. ते म्हणाले, "आपण प्रार्थना करू या."

मी सांगतो, लोकांनी ठरवून काही केलं नाही. जन्मभराची सवय होती. गुडघे आपोआप सरळ झाले. काळी ओळ उभी राहू लागली. कर्स्टी उठली, शाळेच्या बाई उठल्या, फिनलेकाका अर्धा उठला आणि अर्धाच राहिला, चेहऱ्यावर भयंकर यातना. उत्तरेचा दगड गडगडला. क्रेट उलटले. कोपरा वर गेला, पहिल्या कमानीच्या वर, आणि प्लास्टिकनं असा काही आवाज केला की मला अ‍ॅबरडीनची बोट दिसली.

तेव्हा मावशी घरातून बाहेर आली. डोक्यावर हॅट होती आणि दोन्ही हातांनी ती सूटकेस ओढत होती.

माझ्या मनात आलं, झालं. तिनं पाहिलं, उडालं, ती निघाली. मी उठायला लागलो.

"उठू नकोस, गाढवा!" ती ओरडली.

सूटकेस गवतात चर पाडत येत होती. ती रस्त्याकडे वळली नाही. फिनलेकाका तशाच अर्ध्या उभ्या अवस्थेत, गेलेल्या आवाजात म्हणाला, "एफी, ते ओझं आहे. ओझं वाहणं हे काम."

"प्रवासाचं सामान आहे. मी निघालेय."

"कुठे?"

"इथवर."

तिनं हवेत फडफडणारा कोपरा पकडला, खाली खेचला, त्याच्यावर सूटकेस लोटली आणि सूटकेसवर बसली. समोर पाद्रीबुवा उभे होते, डोळे मिटायच्या बेतात. त्या गावात प्रार्थनेच्या वेळी बसलेलं माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो. ती उठली नाही.

मग फिनलेकाका बसला. एवढंच नाही, ठासून बसला. त्याच्यामागे कर्स्टी, पोस्टमन, बाई, सगळी ओळ खाली आली. प्लास्टिकनं एक धक्का दिला, दुसरा दिला आणि मग ते आमच्या पाठींना टेकून गुरगुरत राहिलं.

पाद्रीबुवांनी डोळे मिटले. "हे प्रभो," ते म्हणाले, "तू सगळं पाहतोसच. आमेन."

एवढी लहान प्रार्थना बेटावर पूर्वी झाली नव्हती. मग त्यांनी पुस्तक खिशात ठेवलं, कोटाची बटणं लावली आणि मावशीच्या शेजारी येऊन बसले. मी म्हटलं ना, माणूस धिप्पाड होता.

भरती उतरली तसा वारा उतरला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकेक जण उठला, मागचं गवत झाडलं, "छान विश्रांती झाली हो एफी," म्हणत घरी गेला.

*

सोमवारी ऊन पडलं. प्लास्टिक नरम झालं. मी आणि फिनलेकाकानं पश्चिमेची कड खेचून ताणली, इतकी की बोट मारलं तर ढोलकीसारखी वाजेल. काका खुणांनी बोलत होता, आवाज अजून आला नव्हता. चर बुजवत उत्तरेला आलो आणि माती कमी पडली. वाऱ्यानं बरीच नेली होती.

मावशी सूटकेसपाशी गेली आणि पट्टे सोडले. वर गालिच्यावर घालायच्या नव्या कोऱ्या सपाता होत्या. त्याखाली माती. आमच्या वाफ्यातली काळी माती, काठोकाठ, ठासून भरलेली.

"मावशी! अ‍ॅबरडीनला माती मिळत नाही?"

"मिळते. पण कोणाची, काय माहीत." तिनं सूटकेस चरात उपडी केली आणि पायानं दाबत गेली. फिनलेकाका काहीतरी म्हणायला गेला, पण नुसता खोकला आला.

संध्याकाळी रूअरीचा फोन आला.

"आई, तिकडे वारा झाला म्हणे. प्लास्टिक?"

"आहे."

"आणि तू?"

"मी पण."

मला त्याचं वाईटही वाटलं. तो म्हणाला, "मग त्या खोलीचं काय करू मी?"

मावशीनं टबातल्या टोमॅटोंकडे पाहिलं, उद्या त्यांना बाहेर न्यायचं होतं. मग खिडकीबाहेर पाहिलं.

"गालिचा काढून इकडे पाठव," ती म्हणाली. "वाफ्यांच्या मधल्या वाटेवर टाकते. तण दबतं."